टीव्हीसमोरचं ताट : मुलांच्या वजनाचे तुमचे अनुभव

माझी मुलगी नऊ वर्षांची. शाळेतल्या तपासणीत तिचं वजन उंचीच्या मानानं जास्त निघालं. घरात सगळे म्हणाले, उंची वाढली की झडेल. मी आठवडाभर तिच्या जेवणाकडे नुसतं लक्ष ठेवलं. एका रात्री ताट कधीच रिकामं झालं होतं, नजर पडद्यावर, आणि बोटं ताटात घास चाचपडत होती. संपलंय हे तिला कळलंच नव्हतं. पोटात कालवलं माझ्या. तुमच्याकडे काय झालं, काय बदललं, मोकळेपणानं लिहा. मुलांना नावं ठेवणारं मात्र काही नको.

*

आमचं सुरुवातीलाच चुकलं. मुलगा वर्षाचा असल्यापासून कार्टून लावलं की 'आ' करायचा. वाटी संपायची, आम्ही खूश. पोट भरलं की नाही हे त्यानं कधी ठरवलंच नाही, कार्टून संपेपर्यंत जेवण. सहाव्या वर्षी डॉक्टरांनी वाढीचा तक्ता दाखवला, तर वजनाची रेघ तिसऱ्या वर्षापासूनच वर चढत होती. सवय सोडवताना पहिले चार दिवस तो धड जेवला नाही. माझा जीव खालीवर. पाचव्या दिवशी खेळून आला आणि म्हणाला, "आई, भूक लागली." हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

*

दुपारी नातू माझ्याकडे असतो. जेवून उठलेला असतो, तरी जाहिरात लागली की "आजी, काहीतरी खायला दे ना." भूक नसते हो, डोळ्यांनी मागतो. नाही म्हणायला जड जातं.

*

आजी, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात ते अकरा वर्षांच्या मुलांना कार्टून दाखवलं. ज्यांना मध्ये खाण्याच्या जाहिराती दिसल्या, त्यांनी समोरचा खाऊ ४५ टक्के जास्त खाल्ला. पालक मला सांगतात, "बसून असतो म्हणून वाढलाय." बसणं आहेच, पण खाण्याकडे दुर्लक्ष होतं. २००८ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात चार ते सात वर्षांची ७० मुलं होती. एका गटाचा टीव्ही-संगणकाचा वेळ दरमहा थोडा थोडा करत निम्म्यावर आणला. दोन वर्षांनी त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचं माप, दुसऱ्या गटापेक्षा सुधारला होता. हालचाल काही विशेष वाढली नव्हती, खाणं कमी झालं होतं.

जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे, दोन वर्षांखाली पडदा नकोच, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. आणि कृपा करून मोठ्यांचा बीएमआय मुलांना लावू नका, वयानुसार तक्ता वेगळा असतो. मुलांना उपाशी तर अजिबात ठेवू नका. पुष्कळदा वजन आहे तिथं रोखलं आणि उंची वाढू दिली तरी पुरतं.

*

मी स्वतः 'जाडा' मुलगा होतो. टीव्ही माझ्याच खोलीत होता. रात्री उशिरापर्यंत बघायचो, सकाळी डोळे उघडायचे नाहीत, खेळायला गेलो तर चिडवायचे. म्हणून परत टीव्ही. घरचे मला आळशी म्हणत राहिले. टीव्ही खोलीतून काढावा हे कुणालाच सुचलं नाही.

*

आमच्याकडे टीव्ही बंद केला तर मोबाइल हातात आला. अजून झगडतोय.

*

वडिलांना जेवताना बातम्या लागायच्या. त्यांना कसं सांगणार? शेवटी त्यांनी बातम्या आधी बघायच्या आणि ताटं आतल्या खोलीत वाढायची, असं ठरलं. पहिले दोन-तीन दिवस सगळे गप्प जेवलो. एकमेकांशी काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. चौथ्या दिवशी लेकीनं अर्ध्या पोळीवरच ताट सरकवलं आणि आजोबांना शाळेतलं भांडण सांगायला बसली.