मदत हवी आहे: दगडी गल्ल्यांत मुलांसोबत सायकल

नमस्कार मंडळी. एकटा असलो की 80-100 किलोमीटर सहज मारतो, पण या रविवारी पहिल्यांदाच सगळं घर सोबत आहे. शहराचा जुना भाग निवांत बघायचा आहे. मुलगी 8 वर्षांची, तिची स्वतःची 20 इंची सायकल. धाकटा 3 वर्षांचा, माझ्यामागे सीटवर.

अडचण आहे ती दगडी फरसबंदीची. परवा एकटाच जाऊन आलो. 28 मिलिमीटरच्या टायरवर हँडल इतकं थरथरलं की बोटं बधिर झाली, आणि दोन दगडांच्या फटीत पुढचं चाक क्षणभर अडकलं. मागे लेकरू असताना असं झालं तर, हा विचार डोक्यातून जात नाहीये.

माझ्या फ्रेममध्ये 35 चे टायर बसतात. हवा कमी ठेवली की धक्के कमी बसतात हे ठाऊक आहे. पण मागे पोराचं वजन असताना किती कमी करावी? फारच कमी केली तर दगडाची कड लागून ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, तीच धास्ती.

की सायकली बाहेरच लावून गल्ल्या पायी फिराव्यात? मुलीला मात्र चालवायचीच आहे, कालच तिने साखळीला स्वतः तेल घातलंय. लहान मुलांना घेऊन अशा रस्त्यांवर गेलेल्यांनी प्लीज सांगा.