टिटवीच्या अंड्यांवरून पेरणी ठरवायची का?

चोपड्याचा शेतकरी: आमच्या शिवारात बांधावर टिटवीनं चार अंडी घातली. फोटो ग्रुपवर फिरतोय. उंचावर अंडी म्हणजे पाऊस जोरात, चार अंडी म्हणजे चारही महिने! तेवढ्यावर एक-दोघं कापसाची धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी, उरकायला निघालेत. अरे भो, टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. ७२ च्या दुष्काळातही चारच घातली असतील. बांधावरून तिला चहूकडून येणारा कुत्रा, मुंगूस दिसतो, आणि ढेकळांत अंडं पायाशी असलं तरी ओळखू येत नाही. अंडी उबायला साधारण चार आठवडे. पिल्लं तर लगेच चालायला लागतात. मार्च-एप्रिलच्या अंड्यांना श्रावणाशी काय देणंघेणं?

यावलकर: म्हाताऱ्यांना वेड्यात काढणं सोपंय. नदीच्या पात्रात अंडी दिसली की पाऊस कमी, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बघत आलेत. पाखराला हवेतला दमटपणा कळत नसेल कशावरून?

चोपड्याचा शेतकरी: आज-उद्याचा कळेल. जुलैतला एप्रिलात कसा कळेल? पात्रातली अंडी पुरात गेली, त्या सालाचा हिशेब कुणी ठेवलाय?

भुसावळची ताई: टिटव्या गच्चीवरही अंडी घालतात. मग ढगफुटी समजायची का?

धुळ्याचे सर: पाऊस राहू द्या, तिची खरी करामत बघा. आपल्याकडच्या ४५ अंशांत ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. कुत्रा आला की पंख मोडल्यासारखी फडफडत त्याला लांब नेते.

यावलकर: मग? एवढं नाटक जमतं ते अकलेशिवाय?

धुळ्याचे सर: अक्कल लागतेच असं नाही. लॉरेन्झ आणि टिनबर्गन या प्राणिशास्त्रज्ञांनी १९३८ साली कलहंसाच्या मादीवरचा अभ्यास छापला. घरट्याबाहेर गेलेलं अंडं ती चोचीनं आत ओढते. मध्येच अंडं काढून घेतलं तरी ओढणं पुरं करते! टिटवीचं सगळंच इतकं ठोकळेबाज असेल असं मी म्हणणार नाही, पण नुसतं बघून हेतू चिकटवू नये. पुढं १९७३ चं नोबेल दोघांना फ्रिश यांच्यासोबत मिळालं, ते प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठीच.

चोपड्याचा शेतकरी: मी तर ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरणार नाही. कृषी खातंही तेच सांगतं.

यावलकर: तुमच्या विहिरीला पाणी आहे, भाऊ. थांबणं तुम्हाला परवडतं. आमचं कोरडवाहू. सरकारी अंदाज हुकला तर बियाण्याचे पैसे कोण देतं?