पानं पिवळी? खताआधी माती तपासा
भाज्यांची पानं पिवळी पडली की खत वाढवा, असा सल्ला दिला जातो. मला ते पटत नाही. एक कोवळं पान उजेडात धरून बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर बहुधा लोह कमी पडतंय. ते मातीत असतंही, पण मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क आहे याचं माप) ७.५ च्या वर गेला की मुळांना उचलता येत नाही. मग नुसतं खत ओतून काय होणार? कळकळीनं सांगते, आधी माती तपासून घ्या. नमुना मात्र नीट काढा. पाच-सहा ठिकाणची, १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून सावलीत वाळवा. नुकतंच खत घातलं असेल तर थोडे आठवडे थांबा, नाहीतर आकडे फसवे येतात. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ सामू मानवतो.