आत्या, टी कोखला यायचंच

आत्या: अरे, सहलीच्या यादीत पब कशाला घातलास? मी काय करणार तिथे?

दादा, लिव्हरपूल: आत्या, तू कोल्ड्रिंक घे आणि समुद्र बघत बस. गावातली माणसंही तेच करतात, पोरंबाळं घेऊन येतात. वायव्य वेल्समधलं पोर्थदिन्लाईन. अर्धगोल खाडी, वाळूला लागून मोजकी घरं आणि त्यात हे विटांचं घर, तोच हा पब, टी कोख. टी कोख म्हणजे वेल्शमध्ये लाल घर. 1823 मध्ये पाद्र्यासाठी बांधलं. विटा हॉलंडहून आल्या, जहाजाच्या तळात वजन म्हणून भरलेल्या.

काका: नीरम! मालवणला आमचे आजोबा हाच शब्द वापरायचे. गलबतात माल नसला की दगड-वाळू भरायची, नाहीतर वाऱ्याने कलंडायचं. त्या विटांचं घर झालं? फोटो टाक रे.

दादा, लिव्हरपूल: टाकतो काका. 1842 मध्ये पाद्री जवळच्या एडर्न गावातल्या नव्या घरात गेला, तेव्हा त्याचं घर सांभाळणाऱ्या कॅथरीन एलिस बाईंनी तिथेच पब काढला. गिऱ्हाईक म्हणजे समोर वाळूत जहाजं बांधणारे कारागीर. त्याआधी आयर्लंडच्या बोटींसाठी बंदर इथे करायचं की वेल्समधल्याच होलीहेडला, असा वाद होता. 1810 मध्ये पार्लमेंटात हे गाव एका मताने हरलं. मला विचाराल तर बरंच झालं, नाहीतर आज तिथे धक्का आणि ट्रकांची रांग असती. 1994 पासून गाव नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि किनारे जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

वहिनी: गाडी दारापर्यंत जाते ना? आत्यांचा गुडघा आहे.

दादा, लिव्हरपूल: नाही गं, बाहेरच्यांच्या गाड्या आत सोडत नाहीत. शेजारच्या मॉर्वा नेविन गावात पार्किंग, पुढे वीसेक मिनिटं चाल. गोल्फच्या मैदानातून रस्ता पक्का, पण शेवटी चांगलाच उतार. वाळूवरून सपाट, मात्र भरती बघून निघायचं. मागच्या वर्षी मी बघितली नाही, तर परतताना बूट हातात धरून खडकांवरून यावं लागलं. जेवण दुपारचंच, म्हणून सकाळीच निघू. आत छताला कंदील टांगलेत, पण ऊन असेल तर बाहेर कठड्यावर बसायचं. पलीकडे डोंगर थेट समुद्रात उतरलेले दिसतात.

आत्या: काठी घेते. ओहोटीची वेळ काढून ठेव, मला वाळूवरूनच यायचंय.