पोकरमधल्या ‘कॉल’ला मराठीत काय म्हणायचं?

मोरपीस
एका क्रियापदापाशी चार दिवस अडले आहे, मदत हवी. भाषांतरासाठी आलेला लेख २००३ च्या जागतिक पोकर मालिकेतल्या मुख्य स्पर्धेवर आहे. लास व्हेगासचं बिनियन्स हॉर्सशू, प्रवेश दहा हजार डॉलर, ८३९ खेळाडू. शेवटी टेबलावर दोघंच उरले. एक टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर, जो शंभर डॉलरहूनही स्वस्त ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर आला होता. दुसरा सॅमी फर्हा, मुरलेला व्यावसायिक खेळाडू.

माझी अडचण ज्या डावात आहे तो असा. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती, फर्हाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. मधली, दोघांनाही वापरता येणारी पाच पानं: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी, बदाम तिर्री. मनीमेकरचा कलर हुकला, सिक्वेन्सही हुकली, हातात काहीच नाही. फर्हाकडे नव्व्यांची जोडी. शेवटचं पान पडल्यावर मनीमेकरने सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, पुढे सरकवल्या. फर्हा विचार करत बसला, तुझा कलर हुकला असणार असं बोलूनही गेला, आणि तरी त्याने पानं टाकून डाव सोडला.

यापुढचं वाक्य आहे, ‘त्याने कॉल केला असता तर’, म्हणजे तेवढंच लावून तो डावात राहिला असता तर. ‘कॉल केला’ लिहिलं की त्याने फोन लावला असं वाटतं. ‘आव्हान स्वीकारलं’ म्हटलं की तलवार उपसल्यासारखं होतं. ‘बरोबरी केली’ म्हणजे सामना अनिर्णित सुटला. ‘मान्य केलं’ म्हणजे हार मान्य केली. ऑल-इनला ‘सर्वस्व पणाला लावणे’ छान बसतंय, पण त्याला द्यायच्या उत्तराला शब्दच मिळत नाही.

जुना भिडू
ताई, शब्द आहे आणि आपण सगळे दर दिवाळीला वापरतो. शो मागणे. साताऱ्याला आजोळी लक्ष्मीपूजनानंतर तीनपत्तीचा डाव बसायचा, बूट, म्हणजे आधी टाकायची रक्कम, चार आण्यांची. दोघं उरले की मामा चाल टाकून म्हणायचे, “दाखव.” कॉल म्हणजे तरी काय? पैसे टाकून समोरच्याला पानं दाखवायला लावणं. ‘फर्हाने शो मागितला असता तर’ असं लिहा, कुणालाही समजेल.

पणजीकर
मी दोन वर्षं मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटायचं काम केलंय, म्हणून सांगतो. कॉल आणि शो एक नव्हे. पोकरमध्ये पहिल्या तीन पानांवर कॉल केला तर कुणी काही दाखवत नाही, डाव पुढे जातो. कॉल म्हणजे समोरच्याने लावलं तेवढं आपणही लावणं, बस. पण समोरचा ऑल-इन असेल, तिसरा कुणी उरला नसेल आणि आपण कॉल केला, तर पुढे लावायला काही राहतच नाही. स्पर्धेत तिथे दोघांचीही पानं लगेच उताणी करायला लावतात. म्हणून ताईंच्या या एका वाक्यात भिडूंचा ‘शो’ चालून जाईल, पण लेखात आधी कॉल आला असेल तर तिथे चुकेल. आमच्या टेबलावर मराठी, कोंकणी, गुजराती सगळे यायचे. तोंडात ‘कॉल’च.

शुद्धमती
तोंडात येतं म्हणून ते लेखात यावं, हे मला पटत नाही. द्यूत ही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट नाही. ‘पण’, ‘डाव’, ‘फासा’, ‘पैज’, इतकी शब्दसंपदा असताना आपण हात पसरायचे? सभापर्वात युधिष्ठिर सांगतो की बोलावणं आलं तर मी मागे फिरत नाही, हे माझं व्रत आहे. तिथला शब्द ‘आहूत’. ‘आह्वान’ त्याच ह्वे धातूचं, मूळ अर्थ हाक मारणे. म्हणजे इंग्रजीतही हाक आणि संस्कृतातही हाक! माझी सूचना ‘आव्हान घेणे’. ते नको असेल तर ‘विडा उचलणे’. दरबारात विडा ठेवला जायचा आणि जो तो उचलेल त्याने कामगिरी पत्करली असं ठरायचं. अफजलखानाने विडा उचलला हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं.

कोकणवाट
मॅडम, आदर ठेवून असहमत. तुमची हाक उलट्या बाजूची आहे. आह्वान देणारा मनीमेकर, आणि इंग्रजीत कॉल करणारा असता फर्हा. दोन्हीकडे हाक असली तरी हाक मारणारा माणूस वेगळा, म्हणून व्युत्पत्ती जुळवून इथे काही साधत नाही. विडाही बसत नाही. विडा उचलणारा भर दरबारात आपण होऊन पुढे येतो. फर्हा जागेवरच होता, संकट त्याच्यासमोर आणून ठेवलं गेलं.

आणखी एक, लेखात ‘आव्हान’च जाऊ द्या, ‘आवाहन’ नको. बातम्यांत रोज चुकतं. आवाहन आ अधिक वह् पासून, त्याचा ह्वेशी संबंध नाही.

शुद्धमती
धातूंचा फरक मला माहीत आहे, मी ‘आव्हान’च लिहिलं आहे. आणि हाक कोणाची हा मुद्दा मान्य केला तरी ‘आव्हान घेणे’ यातलं ‘घेणे’ फर्हाकडेच राहतं. उरलं काय?

खाडीकाठ
कॅलिफोर्नियातून लिहितोय. दहा-बारा वर्षं इथल्या छोट्या स्पर्धा खेळतो. एकदा चारच जण उरलो होतो आणि बक्षीस तिघांना. चौघांच्याही चिप्स जवळजवळ सारख्या. माझ्या हातात राण्यांची जोडी आली आणि डावीकडच्या माणसाने सगळं आत ढकललं. मी निदान दोन मिनिटं बसलो असेन. पंधरा वर्षं इंग्रजीत नोकरी करतोय, खेळ इंग्रजीतूनच शिकलो, पण त्या दोन मिनिटांत डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: घेऊ का सोडू, घेऊ का सोडू. मी घेतलं. त्याच्याकडे एक्का-राजा निघाले, चौथं पान एक्का पडलं, आणि रिकाम्या हाताने घरी आलो.

मोरपीसताई, माझ्या मते तुमचा शब्द हाच आहे. घेणे आणि सोडणे. कुठल्याही खेळात नसलेल्या माणसालाही कळतो आणि त्यात शौर्य नाही.

आकडेमोड
खाडीकाठ यांचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जो सगळं लावतो त्याला जिंकायचे दोन रस्ते असतात: समोरचा पानं टाकेल, नाहीतर आपलं पान वरचढ ठरेल. जो कॉल करतो त्याला एकच, पान वरचढ ठरणं. म्हणून लावायला जे पान पुरतं ते कॉल करायला पुरत नाही. ‘विडा’, ‘आव्हान’ हे शब्द वाचकाला नेमकं उलटं सांगतील, की कॉल करणारा शूर आणि पानं टाकणारा भित्रा.

खाडीकाठ, तुमचाच डाव घ्या. चौघांकडे सारख्या चिप्स आणि बक्षिसं समजा ५०, ३०, २० टक्के. प्रत्येकाचा वाटा आत्ता २५. तुम्ही घेतलं आणि जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण बक्षिसातला अपेक्षित वाटा दुप्पट होत नाही. तो येतो सुमारे ३८.३, कारण पहिला नंबर आला तरी सगळी रक्कम एकट्याला मिळत नाही. हरलात तर शून्य. २५ ला ३८.३ ने भागा. टेबलावर आधी पडलेले थोडे पैसे सोडून दिले तर जिंकायची शक्यता ६५ टक्क्यांच्या वर हवी. राण्यांची जोडी वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजाला सुमारे ५७ टक्के वेळा हरवते. त्याने पानं उताणी करून दाखवली असती तरी सोडायला हवं होतं. तुम्ही एक्का पडला म्हणून चुकला नाहीत, तुमचा निर्णय त्याआधीच चुकला होता.

फर्हाचं वेगळं आहे. दोघंच उरले की हा बक्षिसांचा गुंता सुटतो, पहिल्याला २५ लाख डॉलर आणि दुसऱ्याला १३ लाख, चिप्सच्या प्रमाणात वाटा सरळ वाढतो. मग उरतो फक्त भाव. समजा मधे दहा आहेत आणि समोरच्याने दहा लावले. तुम्ही दहा देऊन तिसावर हक्क सांगता. तीनदा घेऊन एकदा बरोबर ठरलात तरी तोटा नाही. फर्हाला फक्त एवढंच ठरवायचं होतं, की हा माणूस दर तीन वेळांत एकदा तरी थाप मारतोय का. बाजारात आपण भाव बघतो आणि घेतो किंवा सोडतो, तसंच. म्हणून माझं मत ‘घेणे’ला.

खाडीकाठ
धन्यवाद. ५७ माहीत होतं, ६५ माहीत नव्हतं. इतक्या वर्षांनी त्या एक्क्यावरचा राग गेला.

कोकणवाट
घेणे-सोडणे ही जोडी सुंदर आहे, पण वाक्यात घालून बघा. ‘फर्हाने घेतलं असतं तर.’ काय घेतलं असतं? आमच्याकडे ३०४ खेळताना ‘हात घेतला’ म्हणजे हात जिंकला. वाचकाला वाटेल फर्हाने डाव मारला असता. इथे तसं झालंही असतं, म्हणून घोटाळा चटकन दिसत नाही, पण दुसऱ्या डावात कॉल करून हरला तर? ‘त्याने घेतलं आणि गेलं.’

पणजीकर
‘पैज घेतली’ लिहा मग. कर्म मिळालं.

शुद्धमती
‘पैज घेतली’ मला मान्य आहे. ‘आव्हान घेणे’च्या जवळ आहे आणि निखळ मराठी आहे. आता ‘चिप्स’ आणि ‘पॉट’ यांचंही बघा. पॉटला, म्हणजे मधे जमलेल्या रकमेला, ‘गल्ला’ म्हणावं.

जुना भिडू
गल्ला दुकानदाराचा. शब्दशः जायचं तर पॉट म्हणजे मटका, पण तो शब्द मुंबईने कधीच दुसऱ्या कामाला लावला. चिठ्ठ्या खरंच मटक्यातून काढायचे म्हणून आकड्यांच्या जुगाराला ते नाव पडलं, आणि आता पोकरच्या लेखात ‘मटका’ लिहिलात तर वाचकाला कल्याण आणि वरळी आठवेल. शब्द एकदा असा धंद्याला लागला की परत मिळत नाही. ‘डावातली रक्कम’ म्हणा सरळ.

मोरपीस
सगळ्यांचे मनापासून आभार. ‘पैज घेतली असती तर’ लिहून पाहिलं. चांगलं वाटतंय, फक्त ‘पैज’ म्हटलं की दोघांनी आधी ठरवून लावल्यासारखं होतं आणि इथे एकानेच लावली आहे. आकडेमोड यांचा दोन रस्त्यांचा मुद्दा वाचल्यावर ‘आव्हान’ मात्र कायमचं खोडलं. उद्या दुपारपर्यंत मजकूर द्यायचा आहे, तोवर आणखी सुचलं तर सांगा.

जुना भिडू
ताई, मजकूर जायच्या आधी एक. तुम्ही ‘नव्व्यांची जोडी’ लिहिलंय. आमच्याकडे नव्वी स्त्रीलिंगी, म्हणजे ‘नव्व्यांची’ बरोबर, पण छापताना कुणी ‘नव्वा’ करू नये.

कोकणवाट
आमच्या घरी नव्वाच म्हणतात. नव्वा, सत्ता, अठ्ठा. सत्ती, अठ्ठी आम्ही ऐकलं ते घाटावर शिकायला गेल्यावर.

पणजीकर
आणि चारच्या पानाला काय म्हणता? मी चौकी ऐकलंय आणि चव्वीही.

शुद्धमती
चव्वी. ‘चौकी’ पोलिसांची. आणि चौकट हा रंग असताना चौकी म्हणणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण.

जुना भिडू
मॅडम, साताऱ्यात चौकट चौकी असंच म्हणतात, आणि साठ वर्षांत एकदाही गोंधळ झालेला नाही.