प्रार्थना करूनही चिंता परत येते, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?

प्रश्न:
प्रभूत सलाम. ह्यांची नोकरी जाऊन चार महिने झाले. घराचे हप्ते चालूच आहेत. रात्री आम्ही दोघं प्रार्थना करतो, सगळं प्रभूच्या चरणी ठेवतो आणि झोपतो. पहाटे तीनला मला जाग येते. मग पांघरुणाखाली मोबाइलवर हिशोब सुरू होतो. आकडे तेच, बेरीज तीच, तरी पुन्हा करते. प्रार्थनासभेत एका बहिणीने सांगितलं, "चिंता म्हणजे अविश्वास." तेव्हापासून तिथे तोंड उघडत नाही. बायबलात फिलिप्पै 4:6 मध्ये "आभारप्रदर्शनासह" मागा असं आहे. मला आभार सुचतच नाहीत. खरंच माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर 1:
ताई, मत्तय 6:25 ते 34 रोज मोठ्याने वाचा. आकाशातल्या पाखरांना खाऊ घालणारा पिता तुम्हाला विसरणार नाही.

उत्तर 2:
वरचं वचन खरंच आहे, पण ताईंना ते पाठ असणार. अडचण पहाटे तीनची आहे.

माझी पत्नी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तेव्हा मीही स्वतःला अविश्वासी ठरवून बसलो होतो. एका रात्री तिच्या उशाशी बसून फिलिप्पैकरांस पत्र वाचत होतो आणि 4:11 मधल्या एका शब्दाशी अडलो. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी "शिकलो आहे". शिकलो! म्हणजे त्यालाही ते आधी येत नव्हतं. आणि हे तो बंदिवासातून लिहितोय. हाच पौल 2 करिंथ 11:28 मध्ये मंडळ्यांची, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समूहांची, चिंता आपल्याला रोज असते असंही कबूल करतो. त्याला कोण अविश्वासी म्हणेल?

एकदा ओझं टाकलं की ते परत येता कामा नये, असं आपण धरून चालतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तीन वेळा प्रार्थना केली, आणि मत्तय लिहितो, तिसऱ्यांदाही तेच शब्द. तुम्ही तीनला उठून तेच मागितलंत तर त्याला नवल वाटणार नाही.

1 पेत्र 5:7 आपल्या भाषेत मला फार आवडतं. चिंता आपण टाकायची, काळजी तो घेतो. मराठीत हे दोन शब्द सहज एकमेकांच्या जागी येतात, इथे मात्र ते वाटून दिलेत.

आभार सुचत नसतील तर ओढूनताणून आणू नका. मी तेव्हा एवढंच म्हणायचो, "प्रभू, तिने आज दोन घास जास्त खाल्ले, आभार." काही रात्री तेही नसायचं. स्तोत्र 88 उघडा, ते अंधारातच संपतं आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

आणि त्या बहिणीमुळे सभा सोडू नका. दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

उत्तर 3:
मी परिचारिका आहे, म्हणून एवढंच: झोप अशीच मोडत राहिली, छाती धडधडू लागली, तर डॉक्टरांना दाखवा. पौलाच्या सोबत लूक होता, आणि तो वैद्य होता. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिलं, खायला दिलं (1 राजे 19). उपदेश नाही केला.

मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. हिशोब दिवसा, दोघांनी मिळून, कागदावर. रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेला मान्ना (आकाशातून मिळणारं अन्न) एका दिवसापुरताच गोळा करायचा होता, सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडले. तुमची तीनची बेरीज मला तशीच वाटते.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. मोबाइल बाहेर ठेवला, तरी काल तीनला जाग आलीच. कूस वळले तर हे छताकडे बघत होते. मी विचारलं, "कधीपासून जागे?" म्हणाले, "रोजच." चार महिने एकाच खोलीत दोघं जागे, आणि मला पत्ता नाही. मग आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" इथे ह्यांचा आवाज फुटला, पुढचं मी एकटीने म्हटलं. हिशोबाला आज दुपारी बसतोय.