लाल आणि तपकिरी शेवाळात गल्लत नको
समुद्री शेवाळाने जनावरांच्या पोटात तयार होणारा मिथेन वायू घटतो, तेव्हा किनाऱ्याला लागलेले कोणतेही शेवाळ वाळवून पेंडीत मिसळावे, असे काही जण सुचवतात. त्यातला पूर्वार्ध मान्य, उत्तरार्ध नाही. ज्या प्रयोगांचा गाजावाजा झाला ते बहुतेक ॲस्पॅरॅगॉप्सिस या लाल शेवाळाचे असून, त्यातील ब्रोमोफॉर्म हे रसायन कोटीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या जठराचा पहिला कप्पा) आर्किया या सूक्ष्मजीवांचे मिथेन तयार करणारे शेवटचे विकर (एन्झाइम) निकामी करते. हा पदार्थ उडून जाणारा आहे. शेवाळ उन्हात पसरले की नेमका कामाचा अंशच कमी होतो, म्हणून ते गोठवून सुकवतात किंवा खाद्यतेलात मुरवतात.

तपकिरी शेवाळाचे गणित निराळे. त्यातली लॅमिनारिन आणि अल्जिनेट ही कर्बोदके पचवायला पोटात त्यांना सरावलेले जीवाणू लागतात. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी द्वीपसमूहातील नॉर्थ रोनाल्डसे बेटावर १८३२ साली भोवताली दगडी बांध घालून मेंढ्या समुद्राच्या बाजूला ठेवल्या गेल्या. त्या आजही मुख्यतः तपकिरी शेवाळावर जगतात, ओहोटीला चरतात आणि भरतीला रवंथ करत बसतात. शेवाळातून तांबे फार कमी मिळत असल्याने त्यांचे शरीर ते इतके काटेकोरपणे शोषून घेते की, साध्या कुरणावर ठेवल्यास त्यांना चक्क तांब्याची विषबाधा होऊ शकते. इतके जुळवून घेतलेल्या मेंढ्यांचा दाखला आपल्या शेळ्यांना सरसकट लावता येणार नाही. शिवाय दुभत्या जनावरांना शेवाळ देताना आयोडीन मोजावेच लागते, कारण ते दुधात उतरते.